आजीची फुंकणी

मित्रमैत्रिणींनो, तुमच्या घरात फुंकणी आहे का हो?

नसणारच बहुतेक! गॅसच्या शेगडीला कोण कशाला फुंकर घालील? ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. फुंकणी म्हणजे लोखंडाची हातभर लांबीची पोकळ नळी. चुलीतला विस्तव मंदावला की तिचं एक टोक निखाऱ्यांजवळ धरायचं आणि दुसऱ्या टोकातून फुंकायचं. निखारे फुलतात आणि आपलं तोंड धुरापासून लांब राहतं.

माझ्या लिहायच्या टेबलावर, पेनांच्या डब्याशेजारी, अशी एक जुनी फुंकणी असते. घरी येणारी मुलं विचारतात, "मावशी, ही बासरी आहे का?" मी म्हणते, "नाही रे, हे माझं औषध आहे." मुलं हसतात. आज त्या औषधाची गोष्ट तुम्हांला सांगते. गोष्ट थोडी दुःखाची आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण शेवटपर्यंत माझ्यासोबत राहा. आई-बाबांना शेजारी बसवून वाचलीत तर फारच छान.

माझं गाव लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारीपासून फार लांब नाही. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. घर मोठं, माणसं भरपूर. मी आणि माझी चुलत बहीण बरोबरीच्याच. ती माझ्यापेक्षा आठ महिन्यांनी लहान. घरात सगळे मला 'थोरली' म्हणत आणि तिला 'धाकटी'. आम्ही एका ताटात जेवायचो, एका दप्तरावरून भांडायचो आणि रात्री आजीच्या कुशीतली जागा कोणाला, यावरून तर रोज महाभारत!

२९ सप्टेंबर १९९३. त्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून सगळे थकून घरी आले. आजीची बाज अंगणात होती आणि तिच्यावर आजीशेजारी एकाच पोरीपुरती जागा होती. मी म्हटलं, "मी थोरली, मी झोपणार." धाकटी फुरंगटली. "जा, तूच झोप!" म्हणाली आणि पाय आपटत आत माजघरात काकूजवळ जाऊन झोपली.

पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना भूकंप झाला.

६.२ तीव्रतेचा भूकंप. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. आमच्याकडची जुनी घरं दगड-मातीची. भिंती चांगल्या दीड-दोन हात रुंद आणि वर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात अशा घरात गारवा असायचा. पण भिंती मातीत रचलेल्या. जमीन हादरली तशा त्या सुटल्या आणि वरचं सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

आम्ही अंगणातले वाचलो. काकूला बाहेर काढलं, तीही वाचली. धाकटी वाचली नाही.

याहून जास्त मी त्या रात्रीबद्दल लिहीत नाही.

पुढचे कित्येक महिने आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. मदत खूप आली. धान्य आलं, पांघरुणं आली, डॉक्टर आले. माझ्या अंगावर तर साधं खरचटलेलंही नव्हतं. सगळे म्हणायचे, "पोरीला काही झालं नाही, देवाची कृपा."

पण मला झालं होतं. ते कोणाला दिसत नव्हतं, एवढंच.

रस्त्यावरून ट्रक गेला तरी मी ओरडत शेडच्या बाहेर पळायची. पत्र्यावर पावसाचे थेंब वाजायला लागले की दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून बसायची. झोप लागायची नाही. लागलीच तर पहाटे दचकून जाग यायची, छाती धडधडायची, तळहात घामेजलेले आणि श्वास इतका छोटा की गळ्याशीच अडकलाय असं वाटायचं. अकरा वर्षांची घोडी, पण अंथरूण ओलं व्हायला लागलं. त्याची तर एवढी लाज वाटायची की मी पहाटेच उठून गोधडी लपवायची. शाळा पुन्हा सुरू झाली, पण फळ्यावरचं काही डोक्यात शिरेना. "भित्री झालीय," असं लोक म्हणायचे. मलाही तसंच वाटायचं.

आज मला माहीत आहे की तो भित्रेपणा नव्हता. मोठं संकट येऊन गेल्यावर मनाला अशी जखम होऊ शकते. संकट टळलेलं असतं, पण शरीराला ते कळलेलंच नसतं. ते बिचारं रात्रंदिवस पहारा देत बसतं. साधा आवाज झाला तरी त्याला वाटतं, आलंच पुन्हा! भूकंपच कशाला, अपघात, आग, पूर, मारहाण, जवळच्या माणसाचा अचानक मृत्यू, यातल्या कशानंही असं होऊ शकतं. बऱ्याच जणांना काही आठवड्यांत आपोआप बरं वाटू लागतं. काहींना मात्र मदत लागते.

मला पहिली मदत मिळाली ती या फुंकणीची.

एके दिवशी मी अशीच पहाटे दचकून उठले. दातांवर दात वाजत होते. आजी शेडबाहेर तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवत होती. तिनं मला पाहिलं. 'काय झालं' वगैरे काही विचारलं नाही. फुंकणी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "लेकरा, जाळ इझायला लागलाय. फुक बरं जरा."

मी फूफूफू करून जोरजोरात फुंकायला लागले. राख उडाली, धूर डोळ्यांत गेला आणि वर मला गरगरायला लागलं!

"अगं बाई, तसं नगं," आजी म्हणाली. "नाकानं सावकाश घे आन् नळीतून लांब सोड. संपंस्तवर सोड. हां… आता परत घे. घाई नगं. जाळ कुटं पळून चाललाय व्हय?"

मी तसं केलं. सावकाश आत, मग नळीतून लांबच लांब बाहेर. निखारे हळूहळू लाल झाले. मी पुन्हा फुंकलं, पुन्हा फुंकलं. आठ-दहा वेळा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे दात वाजायचे थांबलेत.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन चुलीपाशी गेले. मग तो नेमच झाला. आजीला श्वासाचं शास्त्र माहीत नव्हतं. ती शाळेची पायरीही चढली नव्हती. पण हातातलं काम आणि लांब सोडलेला श्वास यांनी माणूस ताळ्यावर येतो, हे तिनं जन्मभर अनुभवलं असणार.

आता त्यामागचं शास्त्र सांगते. त्यासाठी एक गंमत करून बघा. आत्ताच करा, हा अंक बाजूला ठेवून! डाव्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, उजव्या हाताची दोन बोटं ठेवा. नाडी लागली? आता अगदी सावकाश श्वास घ्या आणि त्याहूनही सावकाश सोडा. चार-पाच वेळा करा आणि नाडीकडे नीट लक्ष द्या. श्वास घेताना ठोके थोडे जवळजवळ पडतात आणि सोडताना थोडे लांब लांब पडतात, असं जाणवलं का? तुमच्यासारख्या मुलांमध्ये हा फरक चांगलाच असतो. एकदम नाही जाणवला तर पुन्हा करून बघा.

असं का होतं? आपल्या शरीरात एस.टी.च्या गाडीसारखी दोन पेडलं आहेत असं समजा. एक वेग वाढवण्याचं, दुसरं ब्रेकचं. भीती वाटली की वेगाचं पेडल दाबलं जातं. हृदय धडधडतं, स्नायू ताठ होतात, श्वास भराभर आणि छातीच्या वरच्या वर चालतो. वाघ मागे लागला तर पळायला हे सगळं हवंच! ब्रेकचं काम मुख्यतः एक लांबलचक मज्जातंतू करतो. त्याचं नाव व्हेगस. तो मेंदूपासून निघून हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जातो. आपण श्वास सोडतो तेव्हा त्याचा ब्रेक जास्त लागतो आणि हृदय जरा सावकाश चालतं.

आता खरी मेख बघा. "हृदया, हळू चाल," असं म्हणून हृदय ऐकत नाही. "घाम, थांब," म्हणून घाम थांबत नाही. पण श्वासाचं तसं नाही. आपण झोपलेले असताना तो आपोआप चालतो आणि मनात आणलं तर आपलं ऐकतोसुद्धा! शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. तोच वेग मुद्दाम ६च्या आसपास आणला आणि सोडताना जास्त वेळ घेतला, तर ब्रेक नीट लागायला लागतो. तेव्हा मेंदूला निरोप जातो की 'बाबा रे, वाघ गेला.'

आणि मला पहिल्या दिवशी गरगरलं का? तर भराभर फुंकल्यामुळे. तसं केल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि चक्कर येते. म्हणून घाबरलेल्या माणसाला नुसतं "मोठा श्वास घे, मोठा श्वास घे" असं सांगू नये. "सावकाश सोड" असं सांगावं.

पण मित्रांनो, फुंकणीनं सगळं झटक्यात बरं झालं असं सांगितलं तर ते खोटं होईल. दात वाजायचे थांबले, झोप थोडी लागायला लागली, पण छातीत एक दगड होता तो तसाच होता. तो कसला, हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

साधारण तीन-चार महिन्यांनी, थंडीच्या दिवसांत, अशीच चुलीशी बसले होते. फुंकून झालं होतं. श्वास शांत होता. आणि तोंडातून एकदम निघून गेलं, "आजी, धाकटी माझ्यामुळं गेली. तिला बाहेर झोपायचं होतं. मी जागा दिली नाही."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्ये माळवद तुझ्या आज्यानं घातलं हुतं. मातीच्या पाट्या म्या वाहिल्या, ह्या डोक्यावर. मंग म्या मारलं व्हय तिला?"

"नाही गं आजी!"

"मंग तू कशी मारलीस? तुला काय ठावं हुतं का? भुईनं केलं त्ये, लेकरा. तू न्हाई केलंस."

तेव्हा मी रडले. भूकंपानंतर पहिल्यांदा रडले. आजीच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. तेव्हा मला कळलं की हाच दगड ती पण छातीवर घेऊन बसली होती.

त्या संध्याकाळी आजी मला काकूकडे घेऊन गेली. मी काकूलाही सांगितलं. काकू रडली. मग तिनं मला पुढ्यात ओढलं आणि माझे केस विंचरून वेणी घातली. पूर्वी ती आम्हां दोघींच्या वेण्या घालायची ना, तशीच घट्ट.

मी पुढे शिकले, नोकरी केली, संसार थाटला. २६ डिसेंबर २००४ रोजी हिंदी महासागरात त्सुनामी आली. तमिळनाडूत नागपट्टणम जिल्ह्याला सगळ्यांत मोठा तडाखा बसला. टीव्हीवर ती पत्र्याची, ताडपत्रीची घरं पाहून मला आमची शेड आठवली आणि पुन्हा झोप उडाली. इतक्या वर्षांनी! मी फुंकणी शोधून काढली ती तेव्हा.

पुढे एका अभ्यासाबद्दल वाचलं. तमिळनाडूतल्या निर्वासित छावण्यांमधल्या १८३ माणसांना त्यात घेतलं होतं. त्सुनामीला आठ महिने झाले होते, तरी त्यांचा त्रास सरला नव्हता. त्यांचे तीन गट केले. एका गटाला योगातले श्वासाचे प्रकार शिकवले. दुसऱ्या गटाला श्वास शिकवून, वर झालेला प्रसंग जाणत्या माणसासमोर बोलून दाखवण्याची संधी दिली. तिसरा गट सहा आठवडे थांबून राहिला. सहा आठवड्यांनी पाहिलं तर थांबलेल्यांचा त्रास जवळजवळ तेवढाच होता आणि श्वास शिकलेल्या दोन्ही गटांचा त्रास खूपच उतरला होता. हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला.

२००८ साली बिहारमध्ये कोसी नदीला महापूर आला, तेव्हाही असंच पाहिलं गेलं. पूरग्रस्तांपैकी २२ जणांचे दोन गट केले. एका गटाला आठवडाभर योगासनं आणि प्राणायाम शिकवला. त्यांची उदासी कमी झाली. जे नुसते थांबले होते, त्यांची चिंता उलट वाढली.

हे अभ्यास लहान आहेत. एवढ्यावरून 'श्वासानं सगळं बरं होतं' असं कोणी म्हणू नये, आणि कोणी म्हटलंच तर तुम्ही विश्वास ठेवू नये. पण वाचताना मला फार बरं वाटलं, हे खरं. आजीची आठवण आली. तिच्या चुलीपाशी मला जे मिळालं, ते नागपट्टणमच्या किनाऱ्यावर आणि कोसीच्या काठी कोणाकोणाला मिळालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, आमच्याकडे ना चूल, ना फुंकणी. काही बिघडत नाही! पेपराची सुरळी करा, नाहीतर नुसते ओठ शिट्टी वाजवताना करतो तसे करा. आरामात बसा. पाय जमिनीला टेकलेले असू द्या. मनातल्या मनात चार अंक मोजत नाकानं श्वास घ्या. पोट थोडं पुढे आलं पाहिजे. मग सहा अंक मोजत ओठांतून सोडा, जणू समोर निखारे आहेत आणि राख उडू द्यायची नाही. श्वास रोखून धरायची स्पर्धा लावू नका. पाच मिनिटं पुरे. चक्कर आली तर थांबा आणि नेहमीसारखा श्वास घ्या. दमा असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जोरजोरात करायचे प्राणायामाचे प्रकार मात्र शिकवणारं माणूस समोर असल्याशिवाय करायचे नाहीत.

आणि हे रोज करा, बरं वाटत असतानाही. पोहायला कोणी बुडताना शिकतं का?

काही जणांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की उलट जास्तच भीती वाटते. तसं झालं तर तुमचं काही चुकलं नाही. डोळे उघडे ठेवा. खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, पाय जमिनीवर दाबा, नाहीतर सरळ उठून कोणाजवळ तरी जा.

आता दोन शब्द आई-बाबांसाठी. तुमचं मूल एखाद्या प्रसंगानंतर दचकत असेल, चिकटून बसत असेल, अंथरूण ओलं करत असेल, अभ्यासात मागे पडत असेल, तर कृपा करून त्याला 'भित्रा' म्हणू नका. "विसरून जा" असंही सांगू नका. विसरता आलं असतं तर ते विसरलंच नसतं का? त्याच्याजवळ बसा आणि तुम्ही स्वतः सावकाश श्वास घ्या. मुलं आपलं बघूनच शिकतात. ते बोलेल तेव्हा ऐका, पण खोदून खोदून विचारू नका. महिना उलटूनही त्रास कमी झाला नाही, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. हाड मोडलं तर आपण हळद लावून थांबत नाही ना? मनाचंही तसंच आहे. सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, फोन लावायला पैसे लागत नाहीत. आणि मुलांनो, घरच्यांना सांगता येत नाही असं काही असेल, तर तुमच्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो पाठच करून ठेवा.

मी आता चाळिशी ओलांडली आहे. तरी अजूनही पत्र्यावर पाऊस वाजला की माझे खांदे क्षणभर वर जातात. जातातच! मी फुंकणी हातात घेते, सावकाश श्वास घेते आणि लांब सोडते. खांदे खाली येतात. धाकटीची आठवण काही जात नाही, आणि ती जावी असं मला वाटतही नाही. पण आता ती आठवली की आधी तिचं फुरंगटणं आठवतं, एका ताटातलं जेवण आठवतं. त्या रात्रीची भीती मागाहून येते, आणि आली तरी फार वेळ बसत नाही.

तुमच्या वर्गात असं एखादं मूल असेल. मधल्या सुट्टीत एकटंच बसणारं, फटाका वाजला की कान झाकणारं. त्याला चिडवू नका. "घाबरू नकोस" असं म्हणून निघूनही जाऊ नका. त्याच्या शेजारी बसा आणि म्हणा, "चल, दोघं मिळून फुंकू या."

बसाल ना?